बारा नंबरवरची खरखर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आजही सातला पाच कमी असताना सुरू झाली. टर्रर्र — थोडा खंड — पुन्हा टर्रर्र. कोणीतरी चाळणीवर नखं ओढत बसल्यासारखी. साडेआठच्या सुमाराला आपोआप गेली. हा बारावा दिवस.

बाकीच्या चॅनेलवर एवढा त्रास नाही. बारा नंबरवर सगळ्यात जास्त, आणि मला नेमका बारा नंबरच हवा — बंदराचा. सकाळपाळीला तिथून आमची मुलगी बोलते. बोटींना आत घेते, बाहेर सोडते, कोणी आगाऊपणा केला तर थांबवते. मी मागच्या गॅलरीत स्टुलावर बसतो, वायरलेस ऐकायच्या स्कॅनरची नळी कानात घालतो आणि ऐकतो. या यंत्रावर फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. माझ्यासारख्याला बरोबर आहे.

हिला सांगून ठेवलंय, बोटींची ये-जा ऐकतो. खोटंही नाही.

चार वर्षांपूर्वी बार्जवर, मालाच्या सपाट बोटीवर, अपघात झाला तेव्हा वायरलेसवर मी होतो. मुलगी शेजारच्या टेबलावर, शिकाऊ. चौकशीत मी सांगितलं — चॅनेलवर खरखर होती, हाक कळली नाही. तिने सांगितलं — खरखर नव्हती. चौकशीच्या साहेबांनी माझं खरं धरलं. ती बॅग भरून निघाली. दारात म्हणाली, "खरखर नव्हती एवढं एकदा म्हणा, बाबा. मी परत येते."

मी म्हटलं नाही.

तेव्हापासून ती येत नाही, मी जात नाही. सकाळी कानात दीड-दोन तास तिचा आवाज, एवढाच व्यवहार. आता तोही खरखरीखाली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नवे सेल घातले, अडॅप्टर काढून ठेवला. फरक नाही. अँटेना काढली — खरखर गेली, मुलगीही गेली. खरखर दाबायचं एक बटण असतं, ते हळूहळू फिरवत नेलं. खरखर गप्प झाली, पण तिच्याबरोबर सगळे बारीक आवाजही गप्प. बोटी ओढणारे टगवाले तेवढे उरले. त्यांचे आवाज भिंतीतूनही येतील.

आमच्या घरापासून बंदर दिसत नाही. मध्ये दोन टेकड्या आहेत. तिचा आवाज येतो तोच मुळी दमून येतो. त्याच्यावर आणखी हे ओझं.

तिला मी कविता म्हणायला शिकवलं ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसवून. सात वर्षांची होती, पाय खाली हलायचे. आमच्या शाळेत मराठीचे सर डस्टरने टेबलावर ताल धरायचे, मी पळीने डब्यावर धरायचो. यतीवर थांबायचं. श्वास तिथेच घ्यायचा, शब्दाच्या पोटात नाही. ही म्हणायची, पोरीला आधी जेवू द्या, मग यती.

अजून तसंच बोलते. "उत्तरेकडून येणारी कोळशाची बोट" — श्वास — "धक्का चार रिकामा नाही" — श्वास — "बाहेरच थांबा." बंदरात कोणाच्या ध्यानात येत नसेल. मला येतं. त्या श्वासावरून मी तिला सर्दी आहे की नाही सांगू शकतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

टग चालवणारा एक आहे, त्याला मी घोगरा म्हणतो. नोकरीत असताना बारा वर्षं रोज बोललो त्याच्याशी. प्रत्यक्ष एकदाच पाहिलं, तेही पाठमोरा जाताना.

आज सव्वासातला तो तिला म्हणाला, "बाई, पंधरा तारखेला शेवटची पाळी ना तुमची? मग आम्हाला दमात कोण घेणार?"

ती हसली. म्हणजे हसण्याची सुरुवात ऐकली. मग टर्रर्र. पुढचं सगळं खाऊन टाकलं. बाहेर पडलं ते थेट "धक्का सहा".

शेवटची पाळी म्हणजे काय? बदली? नोकरी सोडली? तब्येत? कोणाला विचारू? हिला विचारायचं तर तुम्हाला कुठून कळलं ते सांगावं लागेल.

नऊ दिवस आहेत. तेवढ्यात ही खरखर घालवली पाहिजे. नंतर घालवून काय करायचंय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अँटेनाचं टोक लिंबाने घासलं. टोक लख्ख झालं. खरखरही लख्ख.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पोटं फाडलेल्या मोबाइलांच्या गर्दीत तो बसलेला असतो. स्कॅनर हातात घेतला, दहा मिनिटं ऐकला, परत दिला.

"काका, हा ठणठणीत आहे. तुमच्या घरात काहीतरी ओरडतंय."

"आमच्या घरात कोणी ओरडत नाही. दोघंच आहोत."

"माणसांचं नाही म्हणत हो. चार्जर, दिवा, टीव्हीचा डबा, काहीही. एक भिकार चार्जर अख्खी बिल्डिंग बहिरी करतो. सकाळी खरखर सुरू झाली की मेन स्विच पाडा. स्कॅनर सेलवर ऐका. थांबली तर चोर घरात. मग एकेक बटण वर करत जायचं."

"मी एकतीस वर्षं वायरलेसवर काढली आहेत."

"तीच तर अडचण आहे. तुमच्या वेळची खरखर ठिणगी टाकून यायची. आताची चोरपावलांनी येते."

मला पटलं नाही. अंगठ्याएवढी वस्तू म्हणे एवढा गोंधळ घालते. आमच्या वेळी खरखर करणारं यंत्र दिसायचं — वेल्डिंग, जुनाट मोटार, वाऱ्यावर हलणारी सैल तार. खिडकीतून बोट दाखवता यायचं. मला विचाराल तर मोटार आहे. आणि मोटार या बिल्डिंगमध्ये एकीकडेच आहे. खालच्या शिवणवाल्या बाईंकडे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मुलीची सुट्टी. खरखरीला सुट्टी नाही, वेळेवर हजर.

स्कॅनर कानाला लावून जिना उतरलो. शिवणवाल्या बाईंचं दार उघडंच होतं. मशीन चालू.

"बाई, पाच मिनिटं थांबवता का?"

"का, झोपमोड झाली?"

"नाही. रेडिओला त्रास होतो."

"रेडिओला." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चाळीस गणवेश उद्या द्यायचेत मला. काय सांगू त्या शाळेला, वरच्या काकांच्या रेडिओला बरं वाटत नव्हतं म्हणून?"

तरी पाय उचलला. मशीन थांबलं. खरखर तशीच. उलट त्यांच्या खोलीत कमीच होती.

"झालं समाधान?"

"मोटार नाही तुमची."

"उपकार झाले माझ्यावर." पुन्हा पाय दिला त्यांनी. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अहो, हातात घेऊन फिरताच आहात तर जिन्यातून वर जाताना ऐका ना. जिथे वाढेल तिथे असेल. एवढं तर मलाही कळतं."

मला कळायला हवं होतं. पहिल्या वळणावर वाढली. दुसऱ्यावर आणखी. आमच्या दारात पोचलो तर कानातली नळी काढावी लागली.

बाईंनी खालून विचारलं, "सापडला का?"

"नाही," म्हणालो.

सोमवार, १० नोव्हेंबर

मेन स्विच पाडायला खुर्ची घेऊन गेलो. ही आडवी आली.

"आज नको. फ्रिजमध्ये दूध आहे."

"दहा मिनिटांत दूध नासत नाही."

"पाण्याच्या पंपाची वेळ आहे."

"आपल्याकडे पंप नाही."

"ज्याच्याकडे आहे त्याची असेल. उतरा खाली, पडाल."

उतरलो. बेचाळीस वर्षांच्या संसारात हिने दुधाची बाजू एवढ्या हट्टाने घेतलेली पाहिली नाही. गॅलरीत येऊन बसलो. कानात टर्रर्र. त्या टर्रर्रमध्ये मधूनच तिचा एखादा शब्द वर यायचा, पाण्यावर काठी यावी तसा, आणि जायचा. पाच दिवस राहिले.

खोलीत बसून हे लिहितोय. थकलोय. थकल्यावर खोटं बोलायला जास्त ताकद लागते, म्हणून खरं लिहून टाकतो. ही वही कोण वाचणार आहे.

त्या दिवशी सकाळपासून एक कविता डोक्यात घोळत होती. पाचवीच्या पुस्तकातली. उजव्या पानावर होती, वर नावेचं चित्र, नावेला कोणीतरी शाईने मिशा काढलेल्या. सगळी पाठ, फक्त शेवटच्या कडव्यातली तिसरी ओळ येत नव्हती. कितीतरी वर्षं येत नव्हती. तिच्या मात्रा माहीत होत्या, चाल माहीत होती, शब्द नव्हते. जागा रिकामी ठेवून मी पुढे जायचो. आणि त्या दिवशी, सेटसमोर बसलेलो असताना, ती यायला लागली. पहिले दोन शब्द आले. तिसरा दारात उभा.

मुलगी म्हणाली, "साहेब, बार्ज." कामावर ती मला साहेब म्हणायची.

मी बोट वर केलं. थांब, म्हणून. एक ओळ.

ती थांबली. शिकाऊ होती. साहेबांनी थांब म्हटलं होतं, आणि साहेब बाप होता. तिने शिस्तीने नोंदवहीत लिहिलं — ११.४०, बार्ज, दोर सुटतोय. मग पुन्हा म्हणाली, "साहेब." मग "बाबा." तेव्हा मी बटण दाबलं. फार नाही, मिनिटभर गेलं असेल. तेवढ्यात दोर सुटला आणि बार्जवरच्या माणसाचा हात बार्ज आणि धक्क्याच्या मध्ये सापडला. उजवा.

हाक मी ऐकली होती. स्वच्छ ऐकली होती. इतकी स्वच्छ की त्या माणसाच्या मागे कोणी खोकलं तेही ऐकलं.

चौकशीत विचारलं, उत्तर द्यायला उशीर का झाला. कविता आठवत होतो असं कोण सांगेल? तोंडातून निघालं — खरखर होती. वायरलेसवाल्याच्या तोंडात हा शब्द तयारच असतो. तिला विचारलं. ती म्हणाली, नव्हती. मग त्यांनी तिच्या नोंदीकडे संशयाने पाहिलं. वही मागाहून लिहिली असावी, असा शेरा तिच्या फाइलीत गेला. मला निरोपाला शाल मिळाली.

ती ओळ पूर्ण आली की नाही तेसुद्धा आता आठवत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हिची दाढ गेले काही दिवस दुखतेय. आज दाताच्या डॉक्टरकडे लवकर नंबर लावायला म्हणून सातलाच गेली. दार लावलं, तिचा पाय जिन्यावरून उतरला याची खात्री केली, खुर्चीवर चढलो. या वयात बायकोच्या चोरून मेन स्विच पाडतोय.

पाडला.

गेली. एका क्षणात. कोणी तरी तोंडावरचा हात काढावा तशी.

आणि ती बोलत होती. "बंदर, बारा नंबर. बोला." अगदी इथे. सर्दी नाही. थोडी दमलेली. मी खुर्चीवरच उभा राहिलो, उतरायचं सुचलं नाही.

मग दुरुस्तीवाल्याने सांगितलं तसं केलं. आतली बटणं सगळी पाडून मेन वर केला. स्वयंपाकघर — काही नाही. पुढची खोली — काही नाही. मागची खोली — टर्रर्र.

मागची खोली म्हणजे तिची होती ती. आता तिथे गाद्या आणि इस्त्रीचं टेबल. गाद्यांच्या चळतीमागे हात घातला. भिंतीतल्या प्लगला एक पांढरा चार्जर, रस्त्यावर पाटीत घेऊन विकतात तसला, गरम झालेला. त्याला बटणांचा एक छोटा फोन. आमच्या घरात असा फोन आहे हे मला माहीत नव्हतं.

बघू नये, पण बघितला. यादीत एकच नाव. गॅसवाला. काल सव्वातीन, परवा सव्वातीन, त्याच्या आदल्या दिवशी सव्वातीन. कधी अर्धा तास, कधी पाऊण. मी तेव्हा जेवून आडवा झालेला असतो.

एवढा गॅस आमच्या घरात लागत नाही.

नावाखालचा नंबर पाहिला. तो मला पाठ आहे. चार वर्षांत एकदाही लावला नाही, तरी पाठ आहे.

म्हणजे मी गॅलरीत लेकीचा आवाज चोरून ऐकायला बसायचो, त्याच वेळी ही गाद्यांमागे दुपारच्या गप्पांसाठी फोन भरायला लावायची. हिच्या चोरीने माझी चोरी बुडत होती.

फोन होता तसा ठेवला. बटण चालू केलं. स्कॅनर बंद करून बसून राहिलो. ही आल्यावर विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. म्हणाली, काढावी लागेल. बरं, म्हणालो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्याकडून चांगला चार्जर आणला. "सापडला ना घरात?" "सापडला." "कोणाचा होता?" "आमचाच," म्हणालो. ही आंघोळीला गेलेली असताना बदलून टाकला.

तीन वाजता डोळे मिटून पडलो होतो. ही येऊन उभी राहिली. हातात नवा चार्जर.

"हा माझा नाही."

"चांगला आहे. तुझा खरखर करायचा."

ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होती. "आधीचा जळला म्हणून रस्त्यावरून घेतला होता," म्हणाली. "मला काय माहीत तो असं करेल."

"कधीपासून बोलता?"

"गेली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

"आणि गॅसवाला का?"

"आयुष्यात कधी गॅसवाल्याला फोन केलात तुम्ही? त्या नावाला हात लावणार नाही याची खात्री होती."

विचारलं, मी ऐकतो हे तिला सांगितलंस का.

"काय ऐकता? बोटींची ये-जा ऐकता ना?" मग आवाज खाली आणला. "नाही सांगितलं. ते माझं काम नाही. चार वर्षं इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. सगळं चावून गिळलंय मी. उगाच नाही दाढ किडली."

"पंधरा तारखेनंतर ती कुठे जाणार?"

"तिला विचारा." फोन तिथेच माझ्या उशीजवळ ठेवून स्वयंपाकघरात गेली.

विचारलं नाही. सव्वातीनला तो वाजला तेव्हा ही आली आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. या खेपेला दार लावलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

स्वच्छ. अगदी स्वच्छ. सात ते नऊ एकही टर्रर्र नाही. यतीवरचे श्वास मोजता आले.

घोगऱ्याने पुन्हा विषय काढला. नवीन वायरलेसवाल्यांना शिकवायची शाळा आहे, दूरच्या बंदरात, तिथे चाललीय. शेरा असूनही घेतलं त्यांनी. तिथला आवाज या स्कॅनरवर यायचा नाही. कोणत्याच अँटेनावर नाही.

"काय शिकवणार पोरांना?" घोगऱ्याने विचारलं.

"बोलायला सगळ्यांना येतं," ती म्हणाली. "ऐकायला शिकवणार."

एवढे दिवस स्वच्छ आवाजासाठी धडपडलो. हे वाक्य तेवढं खरखरीत गेलं असतं तरी चाललं असतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीन वाजता हिने फोन जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढत बसली. वाळलेलेही आणि ओलेही.

एकतीस वर्षं बोलण्याचा पगार घेतला. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं, ऐकायचं. समोर बटणच होतं. चार शब्द होते. ते मनात लावून पाहिले — आधी वृत्तात बसतात का ते पाहिलं! या वेळेलाही. माझी मला चीड आली.

सव्वातीनला तो आपणच वाजला. गॅसवाला. सात वेळा वाजेपर्यंत मी बघत राहिलो. शेवटी ही ओले हात पुसत आली.

"हं, बोल गं," म्हणाली. "नाही, आहेत की. इथेच बसलेत." मग, "नाही, काही म्हणाले नाहीत."

माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत बघितलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दोन वाजता तिने पाळी दुसऱ्याच्या ताब्यात दिली. स्कॅनर बंद केला.

सव्वातीनला नंबर मी लावला.

"हं आई."

"आई नाही," म्हणालो. "त्या दिवशी खरखर नव्हती. हाक मी ऐकली होती. तुला थांब मी म्हटलं."

ही दारात उभी होती.

मग मुलगी म्हणाली, कामावर बोलते त्याच आवाजात, "पुन्हा सांगा. लिहून घेते."

पुन्हा सांगितलं. तिला लिहिता येईल इतक्या सावकाश.